काळी बाहुली

गेल्या नाताळात खानापूर तालुक्यातील एका ओळखीच्या घरी आमचे जाणे झाले. मुलांचे मामा जहाजावर नोकरीस असतात. ते सुट्टीवर आले होते आणि सहा वर्षांच्या भाचीसाठी त्यांनी परदेशातील कुठल्याशा बंदरातून एक बाहुली आणली होती. बाहुली मोठी सुबक होती. कुरळे केस, पिवळा झगा, आडवे केले की मिटणारे डोळे. वर्ण मात्र काळाभोर. मुलीने वरचा कागद फाडला, बाहुली हातात घेतली, क्षणभर न्याहाळली आणि बाकावर ठेवून ती म्हणाली, "ही नको. ही घाणेरडी आहे."

घरात हशा पिकला. आम्हीही हसलो, हे येथे कबूल केलेच पाहिजे. मामा हसले नाहीत. आणि दाराशी उभी असलेली मुलीची थोरली बहीण, तेरा वर्षांची, रंगाने सावळी, ती मुकाट्याने आत निघून गेली. ती पुन्हा बाहेर आली नाही.

परतताना त्या हसण्याचा आम्हांस पश्चात्ताप होऊ लागला. त्या चिमुरडीला हे शिकवले कोणी? आई धर्मपरायण, बाई प्रेमळ, शाळेच्या पुस्तकात असे काही नाही. पण शिकवणीला पाटी-पेन्सिलच लागते असे थोडेच आहे? बाळ जन्मले की शेजारणी पाळण्यात डोकावून प्रथम रंग पाहतात. थोरलीला रोज सांगितले जाते, "उन्हात जाऊ नकोस, काळी पडशील." चित्रपटातील नायिका गोरी आणि तिची मोलकरीण सावळी. आपल्या पुष्कळ घरांतील तसबिरीत संत मायकल गोरा आणि त्याच्या पायाखालचा सैतान काळा. मूल हे सारे पाहते आणि कोणी न विचारता धडा पाठ करते. त्या दिवशी तिने तो म्हणून दाखवला, एवढेच.

अशाच बाहुल्यांची एक हकीकत अमेरिकेत घडली आहे. आपल्यापैकी प्रत्येक आईबापाने ती ऐकावी अशी आहे.

१९४०च्या सुमारास केनेथ क्लार्क व त्यांच्या पत्नी मॅमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याने तीन ते सात वर्षांच्या २५३ कृष्णवर्णीय मुलांपुढे बाहुल्या ठेवल्या. सर्व बाहुल्या एकाच साच्यातल्या; भेद केवळ रंगाचा, काही गोऱ्या तर काही तपकिरी. मुलांना साधे प्रश्न विचारण्यात आले. तुला कोणती बाहुली खेळायला आवडेल? कोणती चांगली? कोणती वाईट दिसते? सुमारे दोन तृतीयांश मुलांनी खेळण्यासाठी गोरी बाहुली मागितली. अर्ध्याहून अधिक मुलांनी तपकिरी बाहुली वाईट दिसते असे सांगितले. मग शेवटचा प्रश्न आला : यांतली तुझ्यासारखी कोणती? तेव्हा काही मुले रडू लागली, काही खोलीबाहेर पळाली. ज्या बाहुलीला आताच वाईट म्हटले, तिच्याकडेच आता बोट दाखवायचे होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. त्या काळी अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत गोऱ्या व काळ्या मुलांच्या शाळा कायद्यानेच वेगळ्या असत. उत्तरेत बहुतेक ठिकाणी तसे नव्हते. तथापि उत्तरेकडील एकत्र शाळांत जाणाऱ्या मुलांचीही निवड फारशी निराळी ठरली नाही. म्हणजे धडा केवळ शाळेच्या भिंतीत नव्हता. तो चित्रांत, दुकानांत, बोलण्यात होता.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १७ मे १९५४ रोजी, नऊही न्यायमूर्तींच्या एकमताने, सरकारी शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. कृष्णवर्णीयांच्या बाजूने लढणाऱ्या वकिलांचे अग्रणी थरगुड मार्शल हे पुढे १९६७ साली त्याच न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले. अशा सक्तीच्या वेगळेपणाने मुलाच्या मनात आपण कमी आहोत अशी भावना रुजते, असे न्यायालयाने निकालात सांगितले आणि आधारांत क्लार्क यांच्या कार्याचाही उल्लेख केला. लहान मुलांच्या अश्रूंची नोंद अशा रीतीने न्यायपीठापर्यंत पोहोचली.

परंतु निकाल एका दिवसात लागतो, मन एका दिवसात पालटत नाही. १४ नोव्हेंबर १९६० रोजी न्यू ऑर्लिन्स शहरात रूबी ब्रिजेस नावाची सहा वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी गोऱ्यांच्या प्राथमिक शाळेत जाण्यास निघाली. तिच्या मागेपुढे केंद्र सरकारचे चार अंमलदार होते. रस्त्यात ओरडणाऱ्या लोकांची गर्दी पाहून त्या लेकराला वाटले की हा कार्निव्हलच असावा! गोव्याच्या वाचकांना तिची ही समजूत चटकन उमगेल, कारण त्या शहरातही उपवासकाळापूर्वी कार्निव्हलची मोठी धामधूम असते. पण ते लोक आनंदाने नव्हे, द्वेषाने ओरडत होते. गर्दीतल्या एका बाईच्या हातात लहानशी शवपेटी होती आणि त्या पेटीत एक काळी बाहुली होती. मोठेपणी रूबी यांनी सांगितले आहे की, साऱ्या आरडाओरडीपेक्षा त्या बाहुलीचेच भय त्यांना अधिक वाटले.

गोऱ्या आईबापांनी आपली मुले शाळेतून काढून नेली. रूबीला शिकवण्यास बोस्टनहून आलेल्या बार्बरा हेन्री या एकच गोऱ्या शिक्षिका तयार झाल्या. वर्षभर त्यांनी एका रिकाम्या वर्गात एकाच विद्यार्थिनीला शिकवले. पुढे शाळेतील एका गोऱ्या मुलाने रूबीला सांगितले की, तुझ्याशी खेळायचे नाही असे माझ्या आईने बजावले आहे. रूबी म्हणतात, गर्दी कशासाठी होती हे त्या क्षणी आपल्याला प्रथम कळले. त्या मुलाने आईची आज्ञा पाळली होती. आज्ञाधारक मुलाला आपण काय आज्ञा करतो, याचा हिशेब आपल्यालाच द्यावा लागणार आहे.

दुसऱ्या वर्षी गर्दी नव्हती, अंमलदार नव्हते. वर्ग मुलांनी भरला होता.

आता वर्तमानपत्रे व दूरचित्रवाणी यांच्याविषयी. त्याच दिवसांत प्रख्यात लेखक जॉन स्टाइनबेक प्रवास करीत न्यू ऑर्लिन्सला आले आणि त्यांनी त्या शाळेसमोरचे दृश्य स्वतः पाहिले. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तांत त्यांनी एक मार्मिक गोष्ट नोंदवली आहे. त्या बायका जे शब्द उच्चारीत होत्या, ते इतके ओंगळ होते की वर्तमानपत्रांनी छापले नाहीत आणि दूरचित्रवाणीने ऐकू येऊ दिले नाहीत. घरी बसलेल्या प्रेक्षकाला गर्दी दिसली, पण तिच्या मुखातील विष कळले नाही. सभ्यतेसाठी केलेली ही काटछाट होती, हे खरे. तथापि तिने सत्य सौम्य झाले.

याच्या उलट एका मातेने केले. १९५५ च्या ऑगस्ट महिन्यात एमेट टिल हा शिकागोचा चौदा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा मिसिसिपी राज्यात नातलगांकडे गेला असता गोऱ्यांनी त्याची निर्घृण हत्या केली. चेहरा ओळखू येऊ नये इतकी विटंबना झाली होती. त्याची आई मॅमी टिल यांनी शवपेटी उघडी ठेवण्याचा आग्रह धरला आणि 'जेट' या कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकाने ते छायाचित्र छापले. आरोपींना केवळ गोऱ्यांच्या ज्यूरीने निर्दोष सोडले. पण ते चित्र पाहणारी एक अख्खी पिढी पुढे नागरी हक्कांच्या लढ्यात उतरली. पासष्ट वर्षांनी, २५ मे २०२० रोजी, मिनिआपोलिस शहरात पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड यांचे प्राण गेले, तेव्हा सतरा वर्षांच्या एका मुलीने आपल्या मोबाइलवर ते चित्रित केले. तिचे चित्रण नसते तर जगाला पोलिसांच्या पहिल्या निवेदनावरच विसंबावे लागले असते. जे माध्यम खोटे शिकवते तेच खरेही शिकवू शकते. ते कोणाच्या हाती आहे आणि पाहणारा किती सावध आहे, यावर सारे अवलंबून असते.

आपण कॅथलिक आहोत. तेव्हा आपल्या घरचीही झाडाझडती घेतली पाहिजे. न्यू ऑर्लिन्स हे कॅथलिकांचे मोठे शहर. तेथील आर्चबिशप जोसेफ रमेल मूळचे जर्मनीतले. १९५५ साली जेझुइट बेंड नावाच्या गावी लोकांनी एका कृष्णवर्णीय धर्मगुरूंना पवित्र मिस्सा अर्पण करू दिली नाही, तेव्हा आर्चबिशपांनी ते प्रार्थनामंदिरच बंद केले. १९५६ च्या फेब्रुवारीत त्यांनी धर्मप्रांताला लिहिलेल्या पत्रात वर्णभेद नैतिकदृष्ट्या अयोग्य व पापमय आहे असे निःसंदिग्धपणे सांगितले. तरीही विरोध एवढा झाला की कॅथलिक शाळांची दारे उघडण्यास आणखी सहा वर्षे गेली. रूबी सरकारी शाळेची पायरी चढली, तेव्हा तिच्याच शहरातील आपल्या शाळांत काळी मुले वेगळी व गोरी मुले वेगळीच बसत होती. हे लपवून काय उपयोग?

अखेर १९६२ च्या मार्चमध्ये आर्चबिशपांनी सर्व कॅथलिक शाळा सर्व मुलांना खुल्या करण्याचे जाहीर केले. तेव्हा ते पंचाऐंशी वर्षांचे होते आणि त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. लोकांना चिथावणाऱ्या तिघा कॅथलिकांना, ज्यांत लिअँडर पेरेझ हे बलाढ्य पुढारीही होते, त्यांनी १६ एप्रिल रोजी, पवित्र सप्ताहाच्या सोमवारी, ख्रिस्तसभेतून बहिष्कृत केले. शाळा उघडल्या. त्या बहिष्कारानंतर तीनच आठवड्यांच्या आत, ६ मे १९६२ रोजी, रोम येथे पोप तेविसावे जॉन यांनी मार्टिन डी पोरेस यांना संतपद दिले. पेरू देशातील लिमा शहरी १५७९ साली जन्मलेले हे संत एका स्पॅनिश सरदाराचे व दास्यातून मुक्त झालेल्या एका कृष्णवर्णीय स्त्रीचे पुत्र. आफ्रिकी रक्ताच्या माणसाला संघाचे पूर्ण सभासदत्व मिळू नये असा त्या काळी तेथे नियम होता. म्हणून ते मठात झाडू मारणारे सेवक म्हणून राहिले आणि पुढे त्यांच्यासाठी तो नियम बाजूस ठेवावा लागला. ३ नोव्हेंबरला त्यांचा सण येतो. त्यांच्या हातातील झाडू मुलांना दाखवताना तो त्यांच्या हाती का आला, हेही सांगावे.

शिक्षणाचा आणखी एक प्रकार सांगून आम्ही आपल्या गावाकडे वळतो. ४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. दुसऱ्या दिवशी आयोवा राज्यातील रायसव्हिल या छोट्या गावी जेन एलियट या शिक्षिकेने तिसरीच्या वर्गातील मुलांचे डोळ्यांच्या रंगावरून दोन गट पाडले. सारी मुले गोरीच होती. एक दिवस निळ्या डोळ्यांचे श्रेष्ठ तर दुसऱ्या दिवशी तपकिरी डोळ्यांचे. कनिष्ठ ठरलेल्यांच्या गळ्यात कापडी पट्टी, खेळण्याची सुट्टी कमी. काही तासांतच जिवलग मित्र एकमेकांना हिणवू लागले आणि हुशार मुलेही कनिष्ठ ठरताच अभ्यासात चुकू लागली. १९७० साली या प्रयोगावर दूरचित्रवाणीसाठी चित्रपट झाला आणि जगभर चर्चा झाली. लहान मुलांना असे दुखवावे काय, असा आक्षेपही अनेकांनी घेतला. आम्हांलाही तो रास्त वाटतो. कोणी हा प्रयोग घरी करू नये. मात्र त्यातून दिसलेले सत्य विसरू नये : तिरस्कार शिकायला मुलाला एक सकाळ पुरते आणि तो मोठ्यांच्या तोंडून आला तर ते त्याला सत्यच मानते.

वाचकहो, हे सारे दूर अमेरिकेचे, असे म्हणून आपणांस पान उलटता येणार नाही. खानापूर, हल्याळ, यल्लापूर या भागांतील आपल्या बांधवांना आफ्रिकेच्या लेकरांची ओळख करून घेण्यास जहाजात बसावे लागत नाही. सिद्दी लोक तेथल्या रानात पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. ते कोकणी बोलतात, मराठी व कानडीही बोलतात. त्यांत हिंदू आहेत, मुसलमान आहेत आणि आपल्याच मिस्सेला येणारे कॅथलिकही आहेत. त्यांच्यापैकी पुष्कळांचे पूर्वज पोर्तुगीज अमलात पूर्व आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणले गेले आणि तेथून निसटून घाटावरच्या जंगलात आले. त्यांना राबवणारे धनी ख्रिस्ती होते. मठांच्या सेवेतही गुलाम असत. हा आपल्या इतिहासातील डाग आहे आणि तो मुलांपासून झाकण्यात शहाणपण नाही. २००३ साली कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला आणि २०२० साली शांताराम सिद्दी हे कर्नाटकाच्या विधान परिषदेवर नियुक्त झाले. तरीही बसमध्ये सिद्दी मुलाला "तू कोणत्या देशाचा?" असे विचारले जाते. वर्तमानपत्रांत तो दिसतो तो बहुधा नाचताना किंवा धावताना. वकील, शिक्षिका, शेतकरी म्हणून क्वचित.

मराठी मुलाला इतिहासात मलिक अंबर भेटतो. निजामशाहीचा कर्ता वजीर, मोगलांना गनिमी काव्याने जेरीस आणणारा, खडकी शहर वसवणारा. तेच शहर पुढे औरंगाबाद झाले. हा थोर पुरुष इथिओपियात जन्मला होता आणि लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला होता, एवढे वाक्य त्या धड्याला घरी कोणी जोडले तर मुलाच्या डोळ्यांपुढे आफ्रिका निराळीच उभी राहील.

आपल्याकडे जातीचा विटाळ आहे. जात व वंश एक नव्हेत. पण मुलाला दोन्ही शिकवण्याची रीत एकच. कोणाला ओसरीवर बसवायचे आणि कोणाला अंगणात, हे मूल डोळ्यांनीच शिकते.

मग करावे काय? आम्हांस सुचते ते साधे आहे. 'काळा' हा शब्द शिवी म्हणून घरात उच्चारू नये; कोणी उच्चारल्यास हसू नये. मुलांबरोबर चित्रपट पाहताना एखादे वेळी विचारावे, "यात चोर कोणाला केला आहे? थट्टा कोणाची चालली आहे? असे का?" उत्तर आपण देऊ नये, मुलांना शोधू द्यावे. सिद्दी शेजारी असतील तर त्यांच्या घरी जावे, त्यांना आपल्या घरी बोलवावे. पाहुणचारात जे कळते ते पुस्तकात मिळत नाही. आणि चूक झाली तर मुलांसमोर ती कबूल करावी.

यातले शेवटचे आम्हांलाच करावयाचे होते. तीन राजांच्या सणाला आम्ही मुद्दाम त्या घरी गेलो. ओसरीवर ख्रिस्तजन्माचा देखावा अजून मांडलेला होता आणि त्यात तीन राजे आले होते. त्यांतला एक काळा. शुभवर्तमानात त्या ज्ञानी जनांची संख्या दिलेली नाही, वर्णही नाही. ते कलावंतांनी दिले. सारी मानवजात गोठ्यापाशी यावी म्हणून एकाला आफ्रिकेचा केला. आजींनी धाकटीला विचारले, "हा राजा घाणेरडा का गं?" मुलगी म्हणाली, "नाही, तो राजा आहे." आजी म्हणाल्या, "मग बाहुलीने काय केलं?" मुलगी काही बोलली नाही. दर वर्षी तो राजा ती स्वतःच्या हाताने मांडीत आली होती. केवळ दिसण्याने शिकणे होत नाही. कोणीतरी विचारावे लागते.

आम्ही थोरलीला हाक मारली आणि सर्वांसमोर म्हणालो, "बाळ, त्या दिवशी आम्ही हसलो ते चुकले. तुला लागले असेल." तिने मान खाली घातली व म्हणाली, "नाही, काही नाही." मुलांना आपल्याला क्षमा करण्याची फारच घाई असते. पण निघताना खिडकीतून दिसले : बाहुली तिच्या उशाशी होती आणि तिच्या पिवळ्या झग्याला कोणीतरी नवे बटण लावले होते. धाकटी तिच्याशी खेळते की नाही, हे आम्ही विचारले नाही.

आपल्या घरी या आठवड्यात कोणत्या शब्दावर हशा पिकला, हे रात्रीच्या प्रार्थनेपूर्वी प्रत्येक कुटुंबाने एकदा आठवावे. आणि दाराशी त्या वेळी कोण उभे होते, तेही.